सव्वा तासाची वाट

सगुणबाबांना मी सव्वा महिना रोज संध्याकाळी माझ्या स्कूटरवरून त्यांच्या घरी सोडलं. ती माझी चूक होती.

चुका करण्यात मी नवखा नाही. मांद्र्याला आमच्या घरातल्या दोन खोल्या माझा भाऊ पर्यटकांना देतो. एकदा त्यातल्या एका परदेशी जोडप्याला सकाळचा चहा देऊन परतताना मी सवयीनं दाराला बाहेरून कडी घातली आणि पेडण्याच्या बाजाराला निघून गेलो. ती दोघं दुपारपर्यंत आतून दार बडवत होती, आणि शेजारच्या बायकांना वाटलं, त्यांच्याकडचं काहीतरी वाजवणं चाललंय. भावानं त्यानंतर मला पाहुण्यांच्या आसपास फिरकू दिलं नाही. डिचोलीला खाणीच्या प्रयोगशाळेत मी कारकून झालो, त्यामागे माझी हुशारी नाही, ती कडी आहे. पण असल्या चुका चारचौघांत सांगता येतात. लोक हसतात, आपणही हसतो. सगुणबाबांची गोष्ट मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही.

आमची खाण मधली बरीच वर्षं बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा जुन्या माणसांतली थोडीच परत आली, त्यांत सगुणबाब होते. मूळचे हद्दीपलीकडचे, दोडामार्गाकडचे. वडील खाणीवर मजुरीला आले आणि लाटंबार्श्याला राहिले. घर गोव्यातलं झालं, बोलणं मात्र तिकडचं राहिलं. काटक अंग, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, आणि भुवयांत कायमची मुरलेली तांबडी धूळ. कामाला ते सॅम्पलर होते.

सॅम्पलरचं काम सांगायला सोपं आहे. ट्रकावर चढायचं, दहा ठिकाणी फावडं खुपसून खनिजाची माती काढायची, वरची, मधली, कडेची, तळातली. ती पत्र्यावर ओतून ढीग करायचा. ढीग थापून भाकरीसारखा चपटा करायचा, त्याचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन फेकून द्यायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन फेकायचे. असं करता करता शेवटी मूठभर माती उरते. ती कापडी पिशवीतून आमच्या प्रयोगशाळेत येते आणि त्या मुठीवरून अख्ख्या ट्रकाची प्रत ठरते.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक माणूस कमी पडला म्हणून मला ट्रकावर चढवलं. मी अर्धाच चढलो. हाताला लागली तेवढी वरची माती काढली, छान गोल ढीग केला, भाग पाडले, मूठभर माती पिशवीत भरून सगुणबाबांपुढे धरली. त्यांनी ती तळहातावर ओतली, वाऱ्यावर सोडली.

"ह्या काय?"

"सॅम्पल."

"ह्या सॅम्पल नाय. ह्या ट्रकान धुतलेला तोंड. वरसून सगळीच बरी दिसतत रे. मदी हात घाल."

मी मध्ये हात घातला आणि माझं घड्याळ त्या ट्रकात गेलं. ते कुठल्या देशाच्या कुठल्या भट्टीत वितळलं असेल देव जाणे. सगुणबाब तेव्हा इतके हसले की पंचा सुटून खांद्यावर आला.

त्यांना असं हसायला फार मोठं कारण लागत नसे. कॅन्टीनचा चहा ते अर्धाच प्यायचे, ग्लास दगडी गडग्यावर ठेवायचे, एक ट्रक उरकून यायचे आणि उरलेला गार चहा वेगळ्या चवीनं प्यायचे. मी म्हटलं, असं का? म्हणाले, "एका ग्लासात दोन चाय होतत." सुटी झाली की बाकीचे तांबड्या पायांनीच बस पकडायला धावायचे. सगुणबाब फाटकाजवळच्या नळावर बसायचे. आधी पाणी तांबडं वाहायचं, मग केशरी, मग गढूळ. नितळ झालं तरी तोटी लगेच बंद करायचे नाहीत, थोडं आणखी पाणी पायांवर सोडायचे, बोटं हलवून बघायचे आणि म्हणायचे, "झाले माझे पाय माझे." हे रोज. रोज तेवढ्याच कौतुकानं, जणू पाय आज सकाळीच नवे आणलेत.

आणि भेटेल त्याला एक प्रश्न: "आज काय गावला?"

मी सांगायचो, काही सापडलं नाही. तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे, की हा दुपारचा जेवलेला नाही आणि लाजेनं सांगतही नाही.

फाटकापासून त्यांचं घर तीन किलोमीटर. बसनं दहा मिनिटं. सगुणबाब चालत जायचे आणि त्यांना सव्वा तास लागायचा. घरी त्यांची बायको, प्रेमावयनी, चार वर्षं खाटेवर होती. विहिरीच्या पायरीवरून घसरून पाठीचा कणा दुखावला होता, तेव्हापासून उठणं नाही. दिवसभर तिच्याजवळ सगुणबाबांची धाकटी बहीण रुक्माताई असायची. आमच्या ऑफिसात सगळे हळहळायचे: बिचाऱ्याची रोज बस चुकते, बाई तिकडे डोळे लावून बसलेली असते. आणि मी त्याच सुमाराला स्कूटर घेतली होती. नवी स्कूटर आणि कनवाळू मन एकाच माणसाकडे एकाच वेळी येऊ नयेत.

पहिल्या दिवशी नळापाशी जाऊन मी हॉर्न वाजवला.

"बसा, सगुणबाब."

"नको रे. मी जातंय सावकाश."

"वयनी वाट बघत असतील ना?"

त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ओल्या पायांनीच मागे बसले.

मग सव्वा महिना. वाटभर मी बोलायचो. स्कूटरच्या ब्रेकबद्दल, भावाबद्दल, मी डोक्यावर तेल थापतो म्हणून उशा बिघडतात असं म्हणणाऱ्या माझ्या बायकोबद्दल. सगुणबाब मागून "हां" म्हणायचे. एकदा पदेराच्या भट्टीजवळ, गरम पावांचा वास येत होता तिथं, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा हळू." मला वाटलं, म्हातारा घाबरला. "भिऊ नका, माझा हात बसलाय," असं म्हणून मी वेग वाढवला. दहा मिनिटांत दारात. ते उतरायचे, "देव बरें करूं" म्हणायचे आणि अंगणात थोडा वेळ नुसतेच उभे राहायचे. मला वाटायचं, मी दिसेनासा होईपर्यंत मायेनं बघतायत.

एका संध्याकाळी ते उतरून मागच्या विहिरीवर गेले आणि रुक्माताई दारात आली. "वयनी तुका भितर बोलवता."

मी केसांवरून हात फिरवला. 'छे हो, त्यात काय, माझ्या वाटेवरच आहे,' हे वाक्य ओठांवर तयार ठेवून आत गेलो. माझी वाट खरं तर उलट्या दिशेला होती, ते ऐन वेळी ओघात येऊ द्यायचं होतं.

प्रेमावयनी पाठीवर सपाट पडलेली होती. अंग काडी झालेलं, डोळे मात्र असे, की मी वाक्य गिळलं.

"तू तो विलास? स्कूटरवालो?"

"होय, वयनी."

"तू माझ्या घोवाक चोरलंस रे, झिला."

नवरा चोरला म्हणे! मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि तेव्हा मी एकटा असलो तर मान खाली घालतो.

"बस हंय," ती म्हणाली. "तुका कोणी सांगूक नाय, मी सांगतंय. हे रोज येयत, हंय खाटीच्या कडेक बसत, आणि मी इचारी, आज काय गावला? मगे सांगत. लय नाय, धा मिन्टा. वाटेवरचा सगळा नाय सांगी हो माणूस. बाकीचा फेकून देय आणि मूठभर हाडी. पदेराचो पाव आज कित्याक करपलो. काजीच्या बोंडवांचो वास कुठपासून येता. आणि भिकू-न्हानूचा काय झाला."

भिकू आणि न्हानू हे वाटेवरचे दोन सख्खे भाऊ. घरं लागून, मध्ये एक फणस, आणि त्या फणसावरून बोलणं बंद. पण दोघांना बोलल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून दोघंही कुत्र्याशी बोलायचे. कुत्रा मोती. न्हानू अंगणात येऊन म्हणणार, "मोती, सांग त्येका, त्येची पाना माझ्या दारात पडतत." भिकू ओसरीवरून म्हणणार, "मोती, सांग त्येका, पानाक पाय नसतत, वारो हाडता." कुत्रा मान इकडून तिकडे वळवणार. सगुणबाब समोरच्या गडग्यावर बसून ऐकायचे आणि घरी येऊन दोघांचे आवाज काढायचे. चार वर्षं हे चाललं होतं. प्रेमावयनीनं त्या दोघांना पडल्यापासून बघितलेलं नव्हतं, पण भिकूला सर्दी कधी झाली आणि मोती कुणाकडे जास्त जेवतो, हे तिला ठाऊक होतं.

"आणि तू त्येंका धा मिन्टांत हाडून सोडतंस," ती म्हणाली. "पयले आठ-दहा दीस आदल्या वाटेचा उरलेला होता, ता सांगल्यानी. मगे सपला. मगे आपल्या मनाचा सांगूक लागले. माका वाटला, माकाच बरा लागणा नाय. पण काल सांगतत, मोती न्हानूर भुंकलो. मोती मरान आठ दीस झाले रे! रुक्मान माका सांगलेला. लग्नाक चाळीस वर्सां झाली, हो माणूस माझ्याकडे खोटो बोलाक नाय. तुझ्यापायी बोललो."

"पण मग त्यांनी मला सांगायचं ना, की नको म्हणून—"

"ते कित्याक सांगतले? तुझा मन मोडात म्हणान." तिनं थोडा दम घेतला. "चार वर्सां मी ह्या कौलांखाली आसंय. त्या वाटेन मी रोज चालून येयत होतंय. ती वाट तू बंद केलंस. फाल्यां हयसर येव नको."

मागच्या दारात सगुणबाब उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या फाटकानं पळालो. सगुणबाबांनी पाय धुतले आणि चालायला लागले.

चार दिवस ते चालले. बुधवार ते शनिवार. मला हे वार पाठ आहेत.

त्यातल्या तिसऱ्या दिवसाचं रुक्माताईनं मला नंतर सांगितलं. मोतीला दोघा भावांनी मिळून फणसाच्या बुंध्याशी पुरलं होतं, एक शब्द न बोलता. आता मधे बोलायला कुत्रा नाही. सगुणबाब गडग्यावर जाऊन बसले, तर अंगणात सामसूम. बऱ्याच वेळानं भिकू बाहेर आला, खाकरला आणि झाडाकडे तोंड करून म्हणाला, "फणसा, सांग त्येका, आज माझ्याकडे पेज उरली आसा." आतून न्हानूचा आवाज आला, "फणसा, इचार त्येका, वांगडा लोणचा आसा काय?" सगुणबाबांनी खाटेच्या कडेला बसून हे दोन्ही आवाज काढले, मधला फणसही करून दाखवला, आणि प्रेमावयनी हसली. इतकी हसली की तिला ढास लागली, ती थांबेना. रविवारी ताप होता. सोमवारी म्हापशाला इस्पितळात नेलं. छातीत कफ साठला होता, पडून राहणाऱ्या माणसांना होतो तसा, असं डॉक्टर म्हणाले. हसण्याचा काही संबंध नव्हता. रुक्माताईला मात्र अजून वाटतं, होता.

आता सगुणबाब दिवसरात्र इस्पितळात. वाट नाही आणि वाटेवरचं काही नाही. मला वाटलं, हे आपण भरून काढू शकतो. मी मोबाइल स्कूटरच्या आरशाला दोरीनं बांधला आणि फाटकापासून घरापर्यंतचा अख्खा रस्ता टिपला. हळू गेलो. भट्टीपाशी थांबलो, भिकू-न्हानूच्या घरापाशी थांबलो. भिकू माझ्याकडे बघून आत गेला. ते घेऊन मी म्हापशाला धावलो.

सगुणबाबांनी मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला. नाकाला नळी, तरी तिनं ते शेवटपर्यंत बघितलं. पापणी हलवली नाही.

"रस्तो बरो दिसता," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण झाला काय, ता खंय आसा?"

"वयनी, सगळं आलंय त्यात," मी म्हटलं. "काही म्हणजे काही सोडलं नाही."

सगुणबाबांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "तोच घोळ झालो रे," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दिवसकार्य आटोपून सगुणबाब कामावर आले. ट्रकावर चढले, दहा ठिकाणी फावडं खुपसलं, चार भाग, दोन फेकले. हाताला चूक नव्हती. पण चहा एका दमात संपवला आणि ग्लास विसळून ठेवला. सुटी झाली तेव्हा नळावरून सरळ पुढे गेले आणि तांबड्या पायांनी बसमध्ये चढले. मी बाहेरून बघत होतो. खिडकीची जागा रिकामी होती. ते आतल्या बाजूला बसले.

मी काही दिवस कळ काढली. मग एकदा जेवणाच्या सुटीत त्यांच्याजवळ जाऊन, हलकंफुलकं वाटेल अशा आवाजात विचारलं, "काय सगुणबाब, आज काय गावलं?"

त्यांनी डबा बंद केला. "कोणाक सांगूक?" म्हणाले.

त्यांचा निरोपसमारंभ उन्हाळ्याच्या तोंडावर झाला. शाल, नारळ, फोटो. मॅनेजरसाहेबांनी भाषणात सांगितलं, की आमच्याकडे माणसं एकमेकांना किती जपतात, ह्या विलासनंच पाहा, घरी बायको आजारी म्हणून ह्यानं सगुणबाबांना सव्वा महिना रोज आपल्या स्कूटरवरून घरी सोडलं. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बुडायला जागा शोधत होतो. समोर बघितलं, तर शालीतून हात बाहेर काढून सगुणबाबही टाळ्या वाजवत होते. मनापासून, सगळ्यांचं थांबलं तरी दोन जास्तच.

त्यानंतर मी एकदाच त्यांच्या घरी गेलो. मे महिन्यातली कलती दुपार होती. रुक्माताई ओसरीवर भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडून सोलं वाळत घालत होती, हात कोपरापर्यंत लाल.

"दादा भितर आसा," ती म्हणाली. "दनपारचो थंयच आसता."

सगुणबाब प्रेमावयनीच्या खाटेवर पडलेले होते. पाठीवर, सपाट, ती पडायची तसेच. मला वाटलं, आजारी आहेत. मी घाईनं पुढे झालो.

"बरा आसा माका," ते म्हणाले. "बघतंय."

"काय?"

वर कौलांत एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक तुकडा, पाटाएवढा, खाली येऊन समोरच्या भिंतीवर पडला होता.

"माझा सांगान झाला की ती म्हणायची, आता माझा आयक," सगुणबाब छपराकडे बघत बोलत होते. "मगे सांगायची. ऊन दीड वाजता मडक्यार येता. मगे भिंतीर चढता. मदी पाल येता आणि तेच्यात न्हाता. आणि मी जांभयो देयत हां, हां म्हणायचंय. माका वाटायचा, खाटीर पडलेल्या माणसाकडे सांगण्यासारखा काय आसतला? चार वर्सां सांगीत होती. एकूय दीस मी धड आयकलंय नाय. आता जमता तितक्या बघून घेतंय."

भिंतीवर दाराच्या बाजूला एक गंजका खिळा होता. त्याला काही अडकवलेलं नव्हतं. उन्हाचा तुकडा त्याच्यापासून चार बोटं लांब होता.

"तेका ऊन लागला," बाहेरून रुक्माताई म्हणाली, "की वयनी माका हाक मारी. उशी सारखी कर, केस सारखे कर म्हणा. दादाचो येवचो वेळ तो."

"माका ठाऊकच नाय होता," सगुणबाब म्हणाले. "मी येय तेवा ती तशीच दिसायची. माका वाटायचा, ती दिसभर तशीच आसता."

मला राहवेना. वाईट वाटलं की मला बोलावं लागतं, हा माझा जुना रोग आहे. मी खाटेजवळ, त्या भिंतीकडे पाठ करून, उभा राहिलो आणि बोलायला लागलो. की वयनीनं तुम्हाला केव्हाच माफ केलं असेल. की खरं तर माझं चुकलं, तुमचं काहीच चुकलं नाही. की माणूस जातो पण आठवणी राहतात. शेजारणीनं तेराव्याला म्हणावं असं जे जे मला येत होतं ते सगळं मी म्हटलं. सगुणबाबांची नजर माझ्यावरून सरकली, खांद्यापलीकडे गेली, परत आली. त्यांनी खाटेवरूनच मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला. मग कोपरावर उठले.

मी म्हटलं, "बोला, सगुणबाब. मोकळं बोला."

"नेमको मदीच येवन उभो रवतंस रे तू," ते म्हणाले. "बाजूक हो."